मंचाकडे पाठ

पहिल्या दिवशी वीबेकेनं मला नारिंगी जाकीट दिलं,
कानांसाठी मेणाचे दोन बोळे,
आणि खांदे धरून उलटं फिरवलं.
"तुझी जागा ही. तोंड माणसांकडे.
गाणं मागे होत राहील, ते तुझं काम नाही."

मी रुसलो. एकोणीस वर्षांचा होतो,
थ्यूबोरॉनहून तीन गाड्या बदलून आलो होतो,
खिशात कार्यक्रमपत्रिका, तिच्यात अकरा नावांखाली रेघा.
फुकट राबायचं, फुकट ऐकायचं, असा माझा हिशेब.
वीबेके शाळेच्या खानावळीत वर्षभर बटाटे सोलते
आणि उन्हाळ्यात इथे येते. एकतिसावं वर्ष.
"मग किती कार्यक्रम पाहिलेस?"
"पाहिले? एकही नाही," म्हणाली,
आणि पेला माझ्या हातात दिला.

कठड्याच्या आत आम्ही बाराजण,
मागे मंच, पुढे क्षितिजापर्यंत डोकी,
मधे निळी पिंपं आणि कागदी पेल्यांच्या चळती.
पाणी द्यायचं. एवढंच.
पण कुणाला, हे कळायला तीन दिवस गेले.

हात सगळेच वर करतात.
तळवा उघडा असेल तर आनंद,
बोटं आकसलेली असतील तर श्वास कमी पडतोय.
रडणाऱ्याला सोडून द्यायचं, त्याचं बरं चाललंय.
ओठ पांढरे पडूनही जो हसतो, त्याच्यावर नजर ठेवायची.
जो तालाच्या किंचित मागे डोलतो
तो डोलत नसतो, त्याला गर्दी हलवत असते.
यातलं काहीही वीबेकेनं सांगितलं नाही.
ती फक्त बोट दाखवायची, मी धावायचो.
चुकलो की पेला माझ्याच डोक्यावर.

आणि गाणं? ते पाठीतून यायचं.
ढोल आधी बुटांच्या तळव्यांत, मग गुडघ्यांत,
खालचा सूर माकडहाडात,
गाणारीचा श्वास मानेवरच्या लवेत.
समोरच्या चेहऱ्यांवर मी तो वाचायला लागलो,
जसे माझे वडील धक्क्यावर उभे राहून
पाण्याच्या रंगावरून वारा सांगतात.
कडवं संपायच्या आधीच भुवया वर जायच्या;
मला कळायचं, आता ती थांबणार.
थांबायची.

शनिवारी मध्यरात्र उलटली तरी उत्तरेला आभाळ दुधी होतं.
तिसऱ्या रांगेत एक पोरगी तालामागे डोलत होती.
मी आणि आस्गरनं तिला काखेत धरून
कठड्यावरून ओढलं, जाळ्यातून मासा सोडवावा तसं.
गवतावर बसवलं. पाणी. आणखी पाणी.
नाव सांगितलं, टूवा. मग म्हणाली, "माझा बूट!"
एका पायात होता, दुसऱ्या पायात चिखलाचा मोजा.
"भावाचे आहेत. त्याला न विचारता घातलेत."
शोधून देतो, मी म्हणालो.
असे शब्द देऊ नयेत, हे अजून शिकायचं होतं.

शेवटच्या रात्री वीबेकेनं पुन्हा खांदे धरले.
"बघ आता. अर्धं मिनिट."
मंचावर ग्रीनलंडची एक ठेंगणी बाई,
हातात डफासारखं काहीतरी, त्याच्या कडेवर काठी मारत,
अंगात विटका स्वेटर, बाहीचा एक धागा सुटलेला.
एवढीशी!
तासभर मी पाठीवर जे पेललं होतं
ते हिच्यात मावत कुठे होतं?
धागा दिसला, आणि आवाज जरा कमी झाल्यासारखा वाटला.
मी आपणहून वळलो.
पिंपापाशी कुणीतरी हात वर केला होता, बोटं आकसलेली.

सोमवारी मैदानात तंबूंचे सांगाडे,
सुट्या पैशांसाठी प्लास्टिकचे पेले वेचणारे दोन म्हातारे,
आणि वारा, ज्याला आता कुणी ऐकत नव्हतं.
वीबेकेनं काळ्या पावाची न्याहारी दिली,
माझी कार्यक्रमपत्रिका घेऊन तिच्यावर कप ठेवला.
अकरा नावांवर कॉफीचा एक गोल.
मग दोघं बूट शोधायला गेलो,
कठड्यापासून दिव्याच्या खांबापर्यंत चिखल उकरत.
चौदा सापडले.
चौदाही डाव्या पायाचे.
टूवाचा हरवला होता उजवा.

"पुढच्या वर्षी," वीबेके हात पुसत म्हणाली,
"उजवे शोधू."